उजवीकडे म्हटलं की घोडी डावीकडे बघते

"ताई, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातला शेतकरी. गेल्या दिवाळीत अकलूजच्या बाजारातून सात वर्षांची, काठेवाडी वळणाची घोडी आणली. नाव चांदणी. आधीचा मालक तिला गाडीला जुंपायचा. स्वभावाने गरीब आहे, दोन्ही हातांनी लगाम धरला की सांगेल तिकडे वळते. गावच्या यात्रेत पालखीपुढे घोड्यावरून निशाण न्यायचा मान आमच्या घराण्याकडे आहे. आजोबा गेले, पाठोपाठ घोडंही गेलं, तेव्हापासून आम्ही निशाण पायीच नेतो. यंदा चैत्रात घोडीवरून न्यायचं ठरवलंय. निशाण उजव्या हातात, म्हणजे लगामाला एकच हात उरतो. मोबाईलवर बघून नेक रेनिंग, म्हणजे लगामाची वादी मानेला टेकवून एका हाताने घोडं वळवणं, सुरू केलं. उजवीकडे वळायचं तर डावी वादी मानेवर दाबायची, असं त्यात सांगितलंय. मी दाबली की घोडी तोंड डावीकडे करते, मान वर टाकते, उजवीकडे काही वळत नाही. जास्त जोर लावला तर जागच्या जागी गरगर फिरते. पाव्हणे म्हणतात, कडक लगाम घाल, दोन दिवसांत सरळ येईल. यात्रेला अडीच महिने आहेत. काय करू?"

– एक वाचक, खानापूर तालुका, जि. सांगली

दादा, चांदणी चुकत नाहीये. तुमचा हात तिला "डावीकडे ये" म्हणतोय आणि ती इमानाने डावीकडे बघतेय.

काय होतंय ते सांगते. डावी वादी मानेला टेकवायची म्हणून तुम्ही हात उजवीकडे नेता. थोडा नेला तर ठीक. पण घोडी वळली नाही की तुम्ही आणखी नेता, हात मानेच्या पार पलीकडे जातो. वादीची लांबी ठरलेली. ती मानेला वळसा घालून गेली की आखडते, आणि तोंडातल्या कडीचं डावं टोक मागे ओढलं जातं. मानेवर वादी टेकली म्हणजे काय करायचं, हे चांदणीला आजवर कुणी सांगितलेलं नाही. कडीची ओढ मात्र तिला गाडीला जुंपल्या दिवसापासून पाठ आहे. एकाच वेळी दोन निरोप आले, एक ओळखीचा आणि एक परका, तर ती कुठला ऐकणार? वरून तुमचा जोर वाढला की जबडा दुखतो, म्हणून मान वर. मान वर गेली की तुम्हाला वाटतं घोडी हट्टाला पेटली.

पटत नसेल तर आज संध्याकाळी गोठ्यात एक करून बघा. लगाम घोडीच्या तोंडातून काढा. घरातल्या कुणाला तरी, थोरल्या मुलाला म्हणा, पाठमोरं उभं करा. कडीची दोन टोकं त्याच्या दोन मुठींत, छातीजवळ. वाद्या त्याच्या खांद्यांवरून मागे तुमच्या हातात. त्याला डोळे मिटायला सांगा आणि तुम्ही घोडीला जसं वळवता तसं वळवा. कुठली मूठ ओढली गेली ते तो सांगेल. मग जागा बदला. तुम्ही कडी धरा, मुलगा वळवू दे. पोराच्या हातचा एक हिसका बसला की घोडी मान का टाकते ते वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

आता घोडीचं पूर्वायुष्य. तुम्ही ते एका वाक्यात उरकलंय, पण सगळी मेख तिथेच आहे. माझे वडील मिरजेत टांगा हाकायचे. आमचा सर्जा स्टेशन ते दर्गा हा रस्ता झोपेत चालला असता. मी दहा-अकरा वर्षांची असताना हट्टाने त्याच्या उघड्या पाठीवर बसले, टाच लावली, तर तो हललाच नाही. पुन्हा लावली, तेव्हा त्याने वळून माझ्या पायाला हुंगून बघितलं. वडील हसून बेजार. टांग्याच्या घोड्याला स्वाराचा पाय ठाऊकच नसतो. त्याचा मालक मागे बसतो, सात-आठ फुटांवर. डोळ्यांना झापडं. त्याला कळतात दोन गोष्टी, कडीची ओढ आणि तोंडाचा आवाज. चांदणीचंही तेच असणार. ती दोन्ही हातांनी छान वळते, कारण तुम्ही खोगिरात बसून तिला गाडीसारखीच हाकताय.

नेक रेनिंगमध्ये वादीपेक्षा पायाचं काम जास्त आहे. मोबाईलवरच्या त्या माणसाचे हात सगळ्यांना दिसतात, पाय कुणी बघत नाही. म्हणून तुमची पहिली पायरी लगामाची नाहीच.

पण त्याआधीही एक काम आहे, घोडीचं तोंड उघडून बघायचं. मान वर टाकणाऱ्या घोड्याचं तोंड दुखत नाही याची खात्री केल्याशिवाय त्याला काहीही शिकवू नये. ओठांच्या कोपऱ्यांत चिरा आहेत का, जिभेवर जुना वण आहे का, हे तुम्हालाही दिसेल. दाढांचं मात्र डॉक्टरला दाखवा. घोड्याच्या दाढा आयुष्यभर वर येत राहतात, वरच्या दाढांची बाहेरची कड धारदार होते आणि लगाम आवळला की गाल त्या धारेवर घासतो. ती कड कानशीने घासून द्यावी लागते. काही घोड्यांना पहिल्या दाढेच्या पुढे एक बारकासा जादा दात असतो, नेमका कडी बसते तिथे. तालुक्याच्या दवाखान्यात घोड्याच्या दातांची हत्यारं असतीलच असं नाही. नसली तर शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे विचारा.

आणि पाव्हण्यांचा कडक लगाम. त्यांना चहा पाजा आणि विषय बदला. कडीला काटे, गाठी किंवा टोकं असलेला लगाम वापरायला १९६५ च्या केंद्राच्या नियमांत सरळ मनाई आहे, गाडीच्या जनावराला आणि स्वारीच्याही. कायदा बाजूला ठेवला तरी तुमच्या कामाला तो उलटाच पडेल. तुम्हाला घोडी मानेवरच्या स्पर्शावर वळायला हवी आणि काट्यांची कडी तिचं सगळं लक्ष तोंडाकडे लावते. लांब दांड्याची कडीही आत्ता नको, तिच्याने एका बाजूला वळवायचं शिकवता येत नाही. मधे सांधा असलेली, दोन्ही बाजूंना गोल कड्या असलेली साधी स्नॅफल घ्या. वाद्या नायलॉनच्या असतील तर बदला. त्या हलक्या, वाऱ्यावर फडफडतात, मानेवर कधी टेकल्या आणि कधी उचलल्या हे घोडीला नीट लागत नाही. चामड्याची किंवा जाड सुती वादी स्वतःच्या वजनाने टेकते.

आता पाय. पहिले आठ-दहा दिवस खोगिरात बसूच नका. म्होरकी घाला, चांदणीच्या डाव्या बाजूला उभे राहा आणि तुमची टाच जिथे लागते तिथे, तंगाच्या, म्हणजे खोगिराच्या पोटाखालच्या पट्ट्याच्या, किंचित मागे, अंगठ्याने दाबा. आधी नुसता स्पर्श, मग हळूहळू जोर. ती कंटाळून का होईना, एक पाऊल उजवीकडे सरकेल. त्याच क्षणी हात काढा. अर्धा सेकंद उशीर झाला तर तिला वाटेल की सरकून काही फायदा नाही. मानेवर, आयाळीच्या खाली मधोमध, चार बोटं सपाट ठेवून हेच करा. मान किंवा खांदा पलीकडे गेला की हात दूर, आणि दोन क्षण काहीच करायचं नाही. खरारा करताना दोन्ही बाजूंनी पाच-पाच वेळा पुरे. खरं तर हाच धडा तुम्ही पुढे वादीने देणार आहात, हाताच्या जागी वादी येणार एवढंच.

घोड्याच्या अंगावर माशी बसली तरी तेवढीच कातडी थरथरते, तुम्ही रोज बघत असाल. ज्याला माशीचं वजन कळतं त्याला तुमची वादी कळणार नाही असं होत नाही. कळते. तिचा अर्थ तेवढा शिकवायचा राहिलाय.

मग खोगीर. जागा नीट निवडा. आता शाळू काढून रानं मोकळी होतील आणि मोह होईल, पण धसकटांच्या रानात घोडी नेऊ नका, खुराच्या तळव्याला लागतं. माळ बरा, किंवा नुसतं नांगरून फणलेलं पडीक रान. मधे एखादी बाभळ असेल तर उत्तम, वळायला काहीतरी निमित्त लागतं. उगाच मोकळ्या माळावर "आता उजवीकडे, आता डावीकडे" केलं की घोडीही वैतागते आणि माणूसही.

लगाम दोन्ही हातांतच धरा. हो, अजून दोन्ही हातांत, तीन आठवडे तरी. समजा बाभळीला उजवीकडून वळसा घालायचाय. घोडी साध्या चालीने चाललीय. आधी तुम्ही स्वतः बाभळीच्या पलीकडे बघा, मान आणि खांदे वळवून. तुमचं बूड खोगिरात जरासं फिरतं, ते तिला कळतं. मग डावी वादी मानेला टेकवा, मानेच्या मध्याच्या जरा खाली. टेकवा म्हणजे टेकवा, हात आयाळीच्या पलीकडे जाता कामा नये. मनात "एक" म्हणा. ती काहीच करणार नाही. आता डावा पाय तंगाशी, जमिनीवर शिकवला तसा. मनात "दोन". थोडा खांदा हलेल कदाचित. नाहीच हलला तर "तीन"ला उजवा हात जरा बाहेर, उजवीकडे उघडा, दार उघडल्यासारखा, आणि तिला ठाऊक असलेली ओढ हलकेच द्या. ती वळेल. वळायला पहिलं पाऊल टाकलं की वादी, पाय, ओढ सगळं एकदम सोडा. पाऊल पडल्यावर नाही, टाकताना.

हा क्रम उलटा झाला तर सगळी मेहनत फुकट. लोक आधी ओढतात आणि सोबतीला वादी मानेवर लावतात. घोडी ओढीवरच वळलेली असते, वादीकडे तिचं लक्षही जात नाही, महिनाभर केलं तरी जाणार नाही. नवं आधी, जुनं मागून. असं वीस-पंचवीस वेळा झालं की एक दिवस ती "दोन"लाच वळेल. आणखी काही दिवसांनी "एक"ला कान मागे फिरवून विचारेल, वळू का? त्या कानाकडे लक्ष ठेवा. तो फिरला की घोडी ऐकायला लागली म्हणून समजा, आणि त्या दिवशी तिथेच खाली उतरा. आणखी दोनदा करून बघू, असं वाटेल. नको.

दिवसाला वीस मिनिटं. त्याहून जास्त नको, सकाळची वेळ धरा. फाल्गुनात खानापूर-आटपाडीकडचं ऊन आठ वाजताच डोक्यावर येतं. दोन्ही बाजू सारख्या घोटा. एक बाजू दुसरीपेक्षा कच्ची असणारच, तिकडे दोन वळणं जास्त. सुरुवातीची वळणं मोठी, आठ-दहा पावलांचा घेर. आवळ वळण मागाल तर पुन्हा ओढावं लागेल. चालीत जमलं की दुडकी. भरधाव सोडायचा विचार यात्रेपुरता मनातून काढा, पालखीपुढे कोण धावतंय?

आता माझी फजिती सांगते, कारण तुमची तीच होणार आहे. मी सतरा वर्षांची असताना सातारा जिल्ह्यातले एक निवृत्त दफेदार वडिलांच्या ओळखीत आले. घोडदळात नोकरी झालेली, सरळ पाठ, बोलणं कमी. मी सर्जाला एका हाताने वळवायला शिकले होते आणि त्याचा मला फार तोरा होता. त्यांनी दोन फेऱ्या बघितल्या आणि आईला म्हणाले, गजऱ्याचा दोरा आहे का. आईने रीळ आणून दिलं. त्यांनी दोन्ही वाद्यांची बक्कलं सोडली आणि प्रत्येक वादी कडीच्या कड्याला दोऱ्याच्या एका पदराने बांधली. खाली म्होरकी होती, तिचा दोर वडिलांच्या हातात. "वळव," म्हणाले. मी हात नेला, पट्. डावी वादी लोंबकळायला लागली. पुन्हा बांधली. पट्. त्या दिवशी दोरा अकरा वेळा तुटला, मी मोजलाय. मी शपथेवर सांगितलं असतं की मी ओढत नाही. शेजारची पोरं भिंतीवर बसून मोजायला लागली तेव्हा मला रडू यायचं बाकी होतं.

बाराव्या वेळी मी हात हलवलाच नाही. नुसती वळणाकडे बघितलं, पाय लावला आणि मूठ दोन बोटं सरकवली. सर्जा वळला आणि दोरा राहिला. दफेदार काही बोलले नाहीत, रीळ खिशात टाकून निघून गेले. आईने आठवड्याने ते परत मागवून घेतलं.

तुम्ही हा प्रयोग पाचव्या-सहाव्या आठवड्यात करा, आधी नको. कुंपण असलेल्या जागेत, घोडी चालीत असताना, आणि म्होरकीचा दोर धरून एक माणूस बरोबर असताना. रस्त्यावर चुकूनही नाही.

एका हातात लगाम घ्यायची वेळ तेव्हाच येते, जेव्हा दहापैकी आठ वळणं उजव्या ओढीशिवाय होतात. निशाण उजव्या हातात म्हणजे लगाम डाव्या हातात. ते तसंच ठेवा, पोलोवालेही लगाम डाव्याच हातात धरतात, उजव्यात काठी असते. मूठ उभी, अंगठा वर, दोन वाद्यांच्या मधे एक बोट, खोगिराच्या पुढे आणि आयाळीच्या जरा वर. वाद्या किंचित सैल. मुठीला फिरायला दोन्हीकडे दोन-दोन इंच एवढीच जागा आहे असं समजा, जणू मूठ एका तांब्यात घातलीय. तेवढ्यात घोडी वळली नाही तर मूठ तांब्याबाहेर काढायची नाही. पाय लावा. तरी नाही वळली तर उजवा हात आणून उजव्या वादीला धरा, वळवा, सोडा आणि पुन्हा एका हातावर या. यात कमीपणा काही नाही. मुरलेल्या घोड्यालाही कधीमधी अशी आठवण द्यावी लागते.

निशाणाचं शिक्षण वेगळं, आणि ते लगामाच्या शिक्षणात मिसळू नका. एका दिवशी एकच नवी गोष्ट. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, उजव्या डोळ्याने बघितलेलं फडकं डाव्या डोळ्याला ओळखीचं वाटेलच असं नाही, म्हणून दोन्ही बाजूंनी दाखवा. आधी नुसती काठी, कापड न लावता, गोठ्यात टेकवून ठेवा. दोन दिवसांनी काठी हातात घेऊन घोडीच्या पुढे चाला, तिला मागून येऊ द्या. जनावराला पळून जाणाऱ्या वस्तूची भीती कमी वाटते, अंगावर येणाऱ्या वस्तूची जास्त. मग गुंडाळलेलं कापड, मग अर्धं सोडलेलं, मग पूर्ण. कापडाचा फडफडाट तिच्या पाठीमागून पहिल्यांदा ऐकू येईल तो क्षण सगळ्यात नाजूक, त्या वेळी तुम्ही जमिनीवर असा. खोगिरात बसून काठी घ्याल तेव्हा तिचं बुड उजव्या पायाच्या पंजावर, रिकिबीपाशी टेकवा. नाहीतर अर्ध्या तासात दंड भरून येतो आणि माणूस नकळत डाव्या हाताने, म्हणजे लगामाने, तोल सावरायला लागतो. मग पुन्हा तीच ओढ.

माउलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण फलटण तालुक्यात चांदोबाच्या लिंबाला होतं, तुम्ही गेलाच असाल. रिंगणात दोन अश्व असतात, एक माउलींचा, त्याच्यावर कुणी बसत नाही, आणि दुसरा स्वाराचा. सगळ्यांचे डोळे माउलींच्या अश्वाकडे असतात, ते बरोबरच आहे. पण पुढच्या आषाढी वारीत स्वाराच्या हाताकडेही बघा. लाख माणसांच्या कल्लोळात त्याच्या हातात ध्वज असतो आणि घोडा चालवायला दुसरा हात.

आता अडीच महिन्यांचं. स्पष्ट बोलते. चैत्रापर्यंत चांदणी माळावर एका हातावर चालेल, वळेल, थांबेल, एवढं नक्की होईल. पण माळ वेगळा आणि हलगी, ढोल, फटाके, गुलाल, पायांत घुसणारी पोरं वेगळी. गाडीच्या घोडीला रस्त्यावरच्या गोंगाटाची थोडी सवय असते, हे तुमच्या बाजूला आहे. तरी शेवटच्या तीन आठवड्यांत हलगीवाल्यांना दोन-चारदा बोलवा. शंभर पावलांवरून सुरू करा, घोडी चरत राहील इतक्या लांबून, आणि रोज थोडं जवळ. फटाके नकोत म्हणून यात्रा कमिटीला आधीच सांगून ठेवा. निदान पालखीच्या पुढे लावू नका एवढं ऐकतील. गुलाल तिच्या नाकाडोळ्यांत गेला तर तुमचे सगळे महिने वाया.

आणि यात्रेच्या दिवशी कुणीतरी घोडीच्या डाव्या खांद्यापाशी पायी चालू दे, म्होरकीचा दोर सैल धरून. लोक म्हणतील, एवढं शिकवलं आणि तरी माणूस लागतोय. म्हणू देत. तुमच्या आजोबांच्या घोड्यापुढेही कुणीतरी चालतच असणार, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. आदल्या आठवड्यात गर्दी नसताना पालखीच्या वाटेवरून दोनदा फिरवून आणा, देवळाच्या पायऱ्यांपर्यंत, उजवी-डावी सगळी वळणं घेत. दीपमाळेपाशी जागा आवळ असेल तर तिथे उतरून निशाण पायीच आत न्या. आजवर पायीच नेलंय, देव काही रागावणार नाही.

नालबंदाला आठ-दहा दिवस आधी बोलवा, आदल्या दिवशी नको. नवा नाल बसला की दोन-तीन दिवस घोडी जपून पाय टाकते, एखादा खिळा आत लागला असेल तर तेही तेवढ्यात कळतं. लोखंडी नाल डांबरावर आणि देवळापुढच्या घोटीव फरशीवर घसरतो, तिथे वळण मागायचंच असेल तर घोडी आधी पूर्ण थांबवा, मग एकेक पाऊल. दातांचं काय निघालं ते कळवा.